इमारत पूर्ण झाली, कामगार घरी: बांधकामातली ‘प्रोजेक्टपुरती’ नोकरी कायद्यात नेमकी कुठे बसते?

वसई-विरारमध्ये नवीन टॉवर उभा राहतो तेव्हा फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात बरेच कागद असतात. ॲग्रीमेंट, महारेराचा नंबर, ताब्याची तारीख, बँकेचं मंजुरीपत्र. त्याच टॉवरवर तीन वर्षं सेंटरिंग करणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, मुकादमाचा मोबाईल नंबर. शेवटचा स्लॅब पडतो, प्लास्टर उरकतं, लेबर कॅम्पचे पत्रे निघतात आणि माणसाला सांगितलं जातं, “काम संपलं, नवीन साईट लागली की बोलावतो.”

हे कायदेशीर आहे का? थोडक्यात उत्तर द्यायचं तर, हो. काम संपल्यावर माणूस कमी करणं बेकायदा नाही. बांधकामाचं स्वरूपच असं आहे की इमारत कधीतरी पूर्ण होणार, हे कायद्यानेही मान्य केलंय. पण त्या मान्यतेला अटी आहेत. किती काळ काम चाललं, माणसाला सुरुवातीला काय सांगितलं होतं, त्याचा मालक नक्की कोण, यावर त्याच्या हातात शून्य पडणार की पन्नास-साठ हजार, हे ठरतं. साईटवर या अटींबद्दल कुणी बोलत नाही. फोनवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये त्यांचं भलतंच काहीतरी झालेलं असतं.

‘प्रोजेक्टवर आहे’ म्हणजे कोण?

वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला स्थापन झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं एकत्र आली. तेव्हापासून हा पट्टा बांधकामावरच वाढतोय. घरांच्या जोडीला आता मोठी सरकारी कामंही आहेत: बुलेट ट्रेनचं विरार स्टेशन, मुंबई-वडोदरा एक्स्प्रेसवे, विरार-डहाणू रेल्वेचं चौपदरीकरण, सूर्या धरणातून पाणी आणणारी योजना.

या सगळ्या कामांवरचे लोक ‘प्रोजेक्टवर आहे’ असं सांगतात, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. नाक्यावरून रोज सकाळी उचलला जाणारा बिगारी एका दिवसापुरता असतो. मुकादमाच्या टोळीतला गवंडी किंवा सळई बांधणारा फिटर महिनोन्‌महिने त्याच साईटवर असतो, आठवड्याला खर्ची घेतो आणि हिशोब शेवटी होतो. मोठ्या कंपनीच्या रोलवर असलेल्या क्रेन ऑपरेटरला ओळखपत्र असतं, पीएफ असतो. डिप्लोमा करून लागलेल्या साईट इंजिनियरला चक्क ऑफर लेटर मिळतं आणि त्यात एक ओळ असते: ‘ही नेमणूक सदर प्रकल्प पूर्ण होईपर्यंत राहील.’

चौघांनाही इमारत संपल्यावर घरी जायचंय. कायदा मात्र चौघांकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो.

२४० दिवसांचा गैरसमज

बांधकामात सगळ्यात जास्त चालणारी समजूत म्हणजे ‘२४० दिवस भरले की माणूस परमनंट’. म्हणून काही ठेकेदार २३० दिवसांवर ब्रेक देतात आणि काही कामगार हजेरीची वही जपून ठेवतात. दोघांचाही हिशोब अर्धाच बरोबर आहे.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये २४० हा आकडा ‘एक वर्षाची सलग सेवा’ मोजण्यासाठी आला. बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं की वर्षभर काम केलं असं धरायचं. अशा माणसाला कमी करायचं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. म्हणजे २४० दिवसांनी नोकरी कायमची होत नाही. फुकट काढता येत नाही, एवढंच.

परमनंट करण्याची गोष्ट महाराष्ट्रात दुसऱ्या कागदातून आली, आदर्श स्थायी आदेशांमधून. त्यात तात्पुरत्या किंवा बदली कामगाराने वर्षात २४० दिवस भरले तर त्याला लेखी आदेशाने कायम करावं, अशी तरतूद होती. महाराष्ट्रात हे आदेश ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. शिवाय राज्याचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा आहे. कायमपणाचे हक्क द्यावे लागू नयेत म्हणून लोकांना वर्षानुवर्षं ‘टेम्पररी’ ठेवणं ही त्यात अनुचित प्रथा ठरवलीय.

आता हे सगळं वाचून जव्हार-मोखाड्याहून दिवाळीनंतर वसईत येणाऱ्या आदिवासी मजुराचा हिशोब मांडून बघा. नोव्हेंबरच्या मध्याला आला, मे संपता संपता भातशेतीसाठी गावी परतला. महिन्याला २६ दिवस धरले तरी १७० च्या आसपास भरतात. तो दहा वर्षं त्याच मुकादमाकडे येत असला तरी २४० चा उंबरठा त्याला एकदाही ओलांडता येत नाही. नियम बनवताना डोळ्यासमोर बारमाही चालणारा कारखाना होता, पाऊस आला की थांबणारं बांधकाम नव्हतं.

दोन वर्षांची रेघ

बांधकामासाठी कायद्यात एक खास तरतूद आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. इमारत, पूल, रस्ता, कालवा, धरण किंवा इतर बांधकामासाठी उभा केलेला उपक्रम, काम पूर्ण झाल्यामुळे, सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत बंद झाला तर कामगारांना भरपाई द्यावी लागत नाही. पण काम दोन वर्षांत संपलं नाही तर नोटीसही द्यावी लागते आणि भरपाईही. वर्षाच्या हिशोबात सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. अट एकच, कामगाराची किमान एक वर्षाची सलग सेवा हवी.

एक ढोबळ उदाहरण घेऊ. समजा एका फिटरची हजेरी ८०० रुपये आहे आणि तो एका टॉवरवर दोन वर्षं आठ महिने सलग होता. हिशोबाला तीन वर्षं धरायची. १५ दिवसांचे १२,००० याप्रमाणे ३६,००० रुपये भरपाई. नोटीस दिली नसेल तर २६ दिवसांप्रमाणे आणखी २०,८०० रुपये. एकूण ५६,८००. हाच टॉवर बावीस महिन्यांत झाला असता तर यातलं काहीच मिळालं नसतं.

वसई-विरारकडे बघितलं तर गंमत लक्षात येते. इथे बावीस महिन्यांत पूर्ण होणारा टॉवर शोधावा लागेल. फ्लॅट घेतलेल्यांना ताब्याच्या तारखा पुढे जाण्याचा अनुभव आहेच. ताबा लांबला की ग्राहक महारेराकडे जातो, व्याज मागतो. त्याच लांबलेल्या कामामुळे कामगाराचा भरपाईचा हक्क तयार होतो, पण तो मागायला क्वचितच कुणी जातं.

इथे मालकांच्या बाजूनेही एक युक्तिवाद असतो. बिल्डरच्या पाच साईट असतील आणि त्यातली एक संपली, तर ‘उपक्रम बंद झाला’ असं म्हणायचं की ‘कामगार कपात झाली’ असं? साईट हाच स्वतंत्र उपक्रम मानला तर दोन वर्षांची सूट लागू शकते. कंपनी चालूच आहे, माणसं आणि यंत्रं एका साईटवरून दुसऱ्या साईटवर फिरतायत, असं दिसलं तर ती कपात ठरू शकते. मग दोन वर्षांचा आडोसा राहत नाही. हे प्रत्येक केसमध्ये पुराव्यावर ठरतं.

बेळगावच्या खंदकांमधून आलेला निकाल

‘तुला प्रोजेक्टपुरतंच घेतलं होतं’ हे मालकाने नुसतं म्हणून चालतं का? याचं उत्तर बेळगाव जिल्ह्यातल्या टेलिफोनच्या कामातून आलं.

१९८५ ते १९८७ च्या काळात टेलिफोनचं जाळं वाढवण्यासाठी तिथे रोजंदारीवर माणसं घेतली गेली. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, केबल टाकायची. काम संपलं तशी माणसं कमी केली. खात्याचं म्हणणं होतं की ही माणसं एका योजनेपुरती होती, योजना संपली, विषय संपला. एस. एम. निलजकर विरुद्ध टेलिकॉम डिस्ट्रिक्ट मॅनेजर या नावाने हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००३ मध्ये निकाल कामगारांच्या बाजूने लागला.

कोर्टाने सांगितलं की ‘प्रोजेक्टपुरती नोकरी’ या अपवादाचा फायदा हवा असेल तर मालकाने चार गोष्टी दाखवाव्यात. प्रकल्प खरोखरच ठरावीक काळापुरता होता. माणसाला नुसतं रोजंदारीवर नाही, तर प्रकल्प संपला की नोकरी संपेल अशा करारावर घेतलं होतं. नोकरी खरंच प्रकल्पाबरोबरच आणि त्या करारानुसार संपली. आणि या अटी माणसाला कामावर घेतानाच सांगितल्या होत्या.

साईटवर कागद नसतो याची सगळी झळ कामगाराला बसते, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ज्या मालकाला ‘प्रोजेक्टपुरता’ म्हणून हात झटकायचेत, त्यालाही कागद लागतो. करार नसेल आणि सुरुवातीला काही सांगितलंच नसेल, तर २४० दिवस भरलेला माणूस साध्या कामगारासारखी नोटीस आणि भरपाई मागू शकतो. अर्थात, २४० दिवस काम केलं हे आधी दाखवायची जबाबदारी कामगाराचीच आहे. मालकाकडचं हजेरीपत्रक कोर्टात मागवायला लावता येतं, पण सुरुवात त्याने करायची.

साईट इंजिनियरचं प्रकरण उलटं आहे. त्याच्याकडे ऑफर लेटर असतं, म्हणून तो जास्त सुरक्षित असेल असं वाटतं. पण कपातीची भरपाई ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळते. मुख्यतः देखरेखीचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारा माणूस नव्या कायद्यात त्या व्याख्येबाहेर जातो. त्यामुळे प्रोजेक्टपुरतं लेटर घेताना त्याने नोटीस पिरियडची ओळ नीट वाचावी. त्याच्यासाठी बऱ्याचदा तेवढीच ओळ उरते.

साईट तीच, मालक तिसराच

बांधकामातली खरी गुंतागुंत साखळीत आहे. बिल्डर मुख्य कंत्राटदाराला काम देतो. तो सेंटरिंगवाल्याला, सळईवाल्याला, प्लास्टरवाल्याला वेगळं काम देतो. ते मुकादमाला माणसं आणायला सांगतात. मुकादम गावाकडून माणसं आणतो, कधी उचल देऊन. मधला एखादा ठेकेदार बदलला की कागदावर माणसाची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. माणूस त्याच मजल्यावर तेच काम करत असतो.

यावर कोर्टात जाता येतं, पण वाट चढाची आहे. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच सिप्ला कंपनीच्या केसमध्ये सांगितलं की, ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराला अनुचित प्रथांच्या कायद्याखाली मूळ कंपनीविरुद्ध तक्रार करायची असेल, तर आपण तिचेच कामगार आहोत हे नातं आधी सिद्ध झालेलं हवं. त्याच वर्षी स्टील अथॉरिटीच्या निकालात, कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीत सामावला जात नाही, असंही ठरलं. या दोन निकालांनंतर ठेकेदाराच्या माणसाला ‘मी बिल्डरचा परमनंट’ म्हणणं फार अवघड झालं.

मजुरीचं मात्र तसं नाही. ठेकेदाराने पैसे बुडवले तर मूळ मालकाने ते द्यायचे आणि ठेकेदाराकडून वसूल करायचे, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि आताही आहे. ‘ठेकेदार पळाला, आम्ही काय करणार’ हे बिल्डरच्या ऑफिसमधलं नेहमीचं वाक्य आहे. कायद्यात त्याला जागा नाही.

अपघाताचंही तसंच. मे २०२४ मध्ये वसई तालुक्यातल्या ससूनवघरला, सूर्या पाणी योजनेच्या खोदकामात भिंत खचून खोदाई यंत्राचा चालक मातीखाली गाडला गेला. त्याच्या शोधासाठी एनडीआरएफपासून लष्करापर्यंत यंत्रणा अनेक दिवस राबल्या. अशा अपघातात भरपाई मागताना माणूस कायम आहे, प्रोजेक्टवर आहे की कालच नाक्यावरून आलाय, याने फरक पडत नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यातून ‘किरकोळ स्वरूपाचं काम’ करणाऱ्यांना वगळणारे शब्द २००० च्या दुरुस्तीनेच काढून टाकले गेले.

आणि इमारतच कागदावर नसेल तर?

हा प्रश्न वसई-विरारला सोडून पुढे जाता येत नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. हायकोर्टाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या, शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजय नगरमध्ये रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा जीव गेला. तीही अनधिकृतच होती.

या इमारतींमध्ये राहणाऱ्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. त्या बांधणाऱ्यांबद्दल जवळपास काहीच नाही. अधिकृत इमारतीला बांधकाम परवानगी देताना महापालिका बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेते आणि तो इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. अनधिकृत इमारतीला परवानगीच नसते, म्हणजे त्या टप्प्यावर उपकरही नसतो. महारेराची नोंद नाही, आस्थापनेची नोंद नाही, काम सुरू झाल्याची तारीख नाही. दोन वर्षं मोजायची तर कुठून मोजायची? प्रकल्पच कागदावर नसताना प्रकल्पपुरता कामगार कुठून असणार?

इमारत बेकायदा असली तरी मजुरीचा हक्क बेकायदा ठरत नाही, अपघाताची भरपाईही नाही. मालक आणि कामगार हे नातं परवानगीच्या शिक्क्यावर अवलंबून नसतं. फक्त ते सिद्ध करायला लागणारा प्रत्येक कागद इथे मुद्दामच तयार केलेला नसतो. आणि इमारतीवर कारवाई सुरू झाली की बिल्डर, ठेकेदार, मुकादम, सगळेच एकमेकांना ओळखत नाहीत.

नोव्हेंबर २०२५ नंतर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वर उल्लेख झालेले बरेचसे केंद्रीय कायदे त्यांत विरघळले. बांधकामाची दोन वर्षांची तरतूद जवळपास तशीच नव्या औद्योगिक संबंध संहितेत आली आहे. स्थायी आदेशांसाठीचा आकडा मात्र ३०० कामगारांवर गेला. महाराष्ट्रात तो ५० होता हे आठवलं की किती साईट या नियमाबाहेर गेल्या असतील याचा अंदाज येतो.

प्रोजेक्टवाल्यांसाठी मोठा बदल म्हणजे ‘ठरावीक मुदतीची नोकरी’. लेखी कराराने ठरावीक काळासाठी घेतलेल्या माणसाला कायम कामगाराइतकाच पगार, कामाचे तास आणि सवलती द्यायच्या. मुदत संपली की नोकरी संपते आणि त्याला कपात म्हणत नाहीत, म्हणजे कपातीची भरपाई नाही. बदल्यात ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायची गरज नाही, एक वर्ष पुरेसं आहे. आपल्या ८०० रुपये हजेरीवाल्या फिटरला असा दोन वर्षांचा करार मिळाला तर शेवटी साधारण २४,००० रुपये ग्रॅच्युइटी होईल.

कळीचा शब्द ‘लेखी’ आहे. तोंडी बोलीवर घेतलेला माणूस या व्याख्येत येतच नाही. नव्या संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं सक्तीचं केलंय. नालासोपाऱ्याच्या प्लास्टरवाल्या मुकादमाने पंधरा जणांना पंधरा नेमणूक पत्रं दिली, हे चित्र सध्या तरी कल्पनेतलंच आहे.

पीएफला तर परमनंट-टेम्पररी हा फरकच कधी माहीत नव्हता. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, पीएफसाठी धरला जाणारा पगार १५,००० पर्यंत असेल तर पहिल्या दिवसापासून पीएफ लागू होतो. एकदा यूएएन नंबर मिळाला की साईट बदलली तरी तोच राहतो. बांधकाम कामगाराची सेवा सलग दाखवणारा तो बऱ्याचदा एकमेव सरकारी माग असतो.

हे दुसऱ्या पद्धतीनेही करता येतं

महाराष्ट्राने याच प्रश्नावर दोन वेगळी उत्तरं फार पूर्वी दिलेली आहेत. पहिलं सरकारी बांधकामातलं. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यात रस्ते, धरणं, कालव्यांवर हजारो रोजंदार माणसं होती. १९६७ पासून लागू झालेल्या कालेलकर निवाड्याने पाच वर्षं सलग सेवा झालेल्यांना एका वेगळ्या आस्थापनेवर घ्यायचं ठरलं. तिचं नाव ‘रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापना’. नियमितही आणि अस्थायीही! सरकारी मराठीत एवढा प्रामाणिक शब्दप्रयोग क्वचितच सापडेल.

दुसरं उत्तर माथाडींचं. बाजारात ओझी उचलणाऱ्या माणसाचा मालक तासातासाला बदलतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक कोण हा वाद बाजूला ठेवला. व्यापारी आणि कामगार दोघांनी मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे जमा करायची, आणि पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी मंडळाने द्यायची. मालक बदलला तरी माणसाची सेवा तुटत नाही. गवंडी, फिटर, सेंटरिंगवाला यांचं काम यापेक्षा फार वेगळं नाही. त्यांच्या मंडळातून मात्र कल्याणकारी योजना मिळतात, पगार आणि पीएफ त्या मंडळातून जात नाही.

बाहेर बघायचं तर फिलिपिन्सच्या कामगार कायद्यात ‘प्रोजेक्ट कामगार’ आणि ‘नियमित कामगार’ असे दोन वर्ग स्पष्ट केलेले आहेत. तिथल्या १९९३ च्या बांधकाम उद्योगासाठीच्या आदेशानुसार प्रकल्प संपून माणसं कमी केली की मालकाने दर वेळी कामगार खात्याला कळवायचं असतं. न कळवणं हा माणूस प्रत्यक्षात नियमित होता याचा एक संकेत मानला जातो. म्हणजे कागद न ठेवण्याचा तोटा तिथे मालकाला होतो.

कागद कुठून येणार?

सगळ्यात सोपा कागद ९० दिवसांचा आहे. गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेला, १८ ते ६० वयाचा कुणीही कल्याणकारी मंडळात नोंदणी करू शकतो. नाक्यावरचा बिगारीही आणि मोखाड्याहून हंगामी आलेला मजूरही. २४० च्या दाराबाहेर राहिलेले लोक इथे आत येतात. दाखला ठेकेदार देऊ शकतो आणि गावात ग्रामसेवक, शहरात महापालिकेचा प्राधिकृत अधिकारीही. कामावर असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यू झाला तर २ लाख, मुलांना शिष्यवृत्ती, असे लाभ त्यातून मिळतात. देशभरात या उपकरातून ३७,४०० कोटींहून जास्त रक्कम जमली होती आणि त्यातले जेमतेम ९,५०० कोटी वापरले गेले होते, हे सुप्रीम कोर्टानेच २०१८ च्या निकालात नोंदवलं होतं. नोंदणी दर वर्षी नूतनीकरण करावी लागते आणि दर वर्षीचा तो ९० दिवसांचा दाखला हा कोणत्या काळात कुणाकडे काम केलं याचा पुरावाही असतो.

दुसरा कागद सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, महारेराची वेबसाईट. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला तिथे नोंदणी करावी लागते. ग्राहक ताब्याची तारीख बघायला ती उघडतो. पण तिथे प्रकल्पाची परवानगी, पूर्णत्वाची जाहीर केलेली तारीख, मिळालेली मुदतवाढ आणि बिल्डरने जाहीर केलेली कंत्राटदारांची नावंही असतात. काम दोन वर्षांपेक्षा जास्त चाललं का आणि त्या साईटचा मुख्य कंत्राटदार कोण होता, हे शोधण्यासाठी यापेक्षा सोपी उघडी नोंद नाही. कोर्टात हा शेवटचा शब्द नसेल, पण बिल्डरने स्वतः सरकारला दिलेली तारीख खोडून काढणं त्यालाच जड जातं.

याशिवाय जे हातात असेल ते. गेट पासचा फोटो, यूपीआयवर आलेल्या खर्चीच्या नोंदी, सुपरवायझरने हजेरी टाकलेला व्हॉट्सॲप ग्रुप, सेफ्टी ट्रेनिंगच्या रजिस्टरवरची सही. मुकादम रोख पैसे देत असेल तर पुढच्या महिन्यापासून निम्मे तरी यूपीआयवर मागायला हरकत नाही.

तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात करायची. बुडालेल्या मजुरीसाठी तीन वर्षांची मुदत आहे. नोकरीवरून काढल्याच्या वादासाठी आधी तीन वर्षं होती, नव्या संहितेत ती दोन झाली आहे. ती मोजायची कामावरून काढलं त्या दिवसापासून. ‘नवीन साईट लागली की बोलावतो’ या वाक्यावर विसंबून घरी बसलेल्या माणसाची मुदतही तेव्हापासूनच चालू असते.